बसून घेतलेलं माप

आमचे मिस्त्री कुठल्याही नव्या घरात गेले की आधी टेप काढत नसत. घरातल्या बाईला विचारत, "तुमी बसता कुठं?"

बाई गोंधळायची. भिंती अजून अर्ध्या, जमीन झालेली नाही, चिऱ्यांचे ढीग पडलेले, त्यात बसायचं कुठं? मिस्त्री समजावून सांगत, "सैपाक झाला, धुणं झालं, मंग तांदूळ निवडायला नायतर नुसतं टेकायला तुमी कुठं बसणार? तिथं बसून दाखवा." ती पदर सावरून, गवंड्यांच्या देखत, हसत हसत खाली बसायची. मिस्त्री कोळशाचा तुकडा घेऊन तिच्या हनुवटीच्या उंचीला भिंतीवर रेघ मारत. "हितं खिडकीची खालची पट्टी. ह्याच्या वर एक बोट नाय." मग टेप निघायचा.

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं. मी त्यावेळी सत्तावीस वर्षांचा होतो. वडील गेल्यावर रत्नागिरीच्या कडेची त्यांची सुतारकामाची शेड माझ्याकडे आली होती. चार सुतार, आणि त्यांच्यावर हे मिस्त्री. वडिलांच्या वेळेपासूनचे, माझ्याहून वीस-बावीस वर्षांनी मोठे, मूळचे मंडणगडकडचे. बायको-मुलं गावाला, आणि हे आमच्या शेडमागच्या खोलीत. मला लहानपणापासून पाहिलेलं, म्हणून मला 'अरेतुरे' करत. मी मालक झाल्यावर त्यांनी फक्त एक बदल केला. मला चिडवायला 'मॅनेजर' म्हणू लागले.

तेव्हा आम्ही बाजारातल्या दोन दुकानांना आणि एका ठेकेदाराला खिडक्या करून द्यायचो. टेम्पो यायचा, खिडक्या जायच्या. त्या कुणाच्या घरात बसल्या, हे आम्हाला कधीच कळायचं नाही. एके दिवशी हर्ण्याकडचा एक माणूस कचेरीच्या कामाला रत्नागिरीत आला होता, तो काखेत खिडकीची एक झडप घेऊन आमच्या शेडमध्ये शिरला. बिजागरी निखळली होती. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की इथं दुरुस्त करून मिळेल. झडप त्यानं आमच्याच बाजारातून घेतली होती आणि दुकानदारानं ती मुंबईचा माल म्हणून दिली होती. मिस्त्रींनी झडप उलटी केली, कोपऱ्यातल्या सांध्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "मुंबईला मी एकदाच गेलोय. ते पण दाढ काढायला."

तो माणूस खूप हसला. मला मात्र रात्रभर काहीतरी बोचत राहिलं. आपण केलेली वस्तू दुसऱ्याच्या नावानं घरात बसते, आणि ज्यानं ती केली तो शेडमागच्या खोलीत चहा करून पितो. मी ठरवलं की यापुढे खिडकी थेट घरवाल्याला विकायची. मधे कोणी नको.

दुकानदारांना हे कळलं तेव्हा त्यांनी माल घेणं बंद केलं. तीन महिने शेडमध्ये रंध्याचा आवाज जवळजवळ थांबला. मग तोच हर्ण्याचा माणूस शेजारच्या दोघांना घेऊन आला, आणि तिथून सुरुवात झाली.

ती पहिली दोन-अडीच वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली होती. हे मला आता कळतं. तेव्हा मी नुसता घाईत होतो. मिस्त्री आणि मी एसटीनं निघायचो. एक पिशवी त्यांची, एक माझी. दापोलीला उतरून पुढची गाडी धरायची. बुरोंडीला एका ओळखीच्या घरी जेवायला थांबलं तर माशाचं कालवण मिळायचं आणि मिस्त्री त्या घराच्या खिडकीला हात लावून "ही कुणी केली रे, माज्या दुश्मनानं?" असं विचारायचे. घरवाला म्हणायचा, "तुमीच केलीत, मिस्त्री, मागल्या साली." हा विनोद दर खेपेला व्हायचा.

हर्ण्याला एका घरी आम्ही मापाला गेलो होतो. घरचा माणूस आखातात बोटीवर कामाला, घरात त्याची म्हातारी आई आणि बायको. बायको दाराआड. मिस्त्रींनी म्हातारीला विचारलं, "चाची, सूनबाई बसणार कुठं?" म्हातारी म्हणाली, "मला बसव ना. मी काय मेले?" मिस्त्री म्हणाले, "तुमी तर दारात बसता. दाराचं माप मी घेतलंय." आतून हसण्याचा आवाज आला. मग म्हातारीनं आत जाऊन सुनेला बसवलं, स्वतः तिच्या हनुवटीशी हात धरला आणि भिंतीवर बोटानं जागा दाखवली. आम्ही दोघं तोवर अंगणात पाठ करून उभे होतो. त्या खिडकीला मिस्त्रींनी खालच्या अर्ध्या भागात तिरक्या पट्ट्यांच्या झडपा केल्या. आतून समुद्राकडची वाट दिसावी, बाहेरून कोण बसलंय ते दिसू नये, म्हणून. त्या घरानं आम्हाला पुढे सात घरं दिली.

हे बसवून माप घेणं ते कुठं शिकले, असं मी एकदा विचारलं होतं. आम्ही दापोलीहून मंडणगडकडे चाललो होतो.

"बहिणीकडनं," ते म्हणाले.

त्यांची ही धाकटी बहीण. लहानपणी तापात तिचा एक पाय गेला. बाकी मुलं बाहेर असत, ती घरात मातीच्या भिंतीला टेकून बसून असे. मिस्त्री तेव्हा दहा-बारा वर्षांचे. घरात कुणी नाही असं बघून त्यांनी कोयत्यानं भिंतीला भोक पाडलं, ती बसते तिथं, तिच्या हनुवटीच्या जरा खाली. संध्याकाळी बापानं मारलं. पण भोक बुजवलं नाही, कारण त्या दिवसापासून घाटीच्या चढणीनं वर कोण येतंय हे घरात सगळ्यात आधी तिलाच कळायला लागलं. पुढे तिचं लग्न झालं. माणूस चांगला मिळाला, मुंबईला एका छापखान्यात होता. मिस्त्री पहिल्या भाऊबीजेला गेले आणि तिच्या सासरच्या घराचीही भिंत फोडून आले.

"सासरा काय म्हणाला?"

"म्हणाला, पोरीबरोबर भाऊ पण दिला काय आमाला?"

तेवढ्यात एक फाटा आला. मिस्त्रींनी खिडकीबाहेर बोट केलं. "हा फाटा. आत तीन मैल. माजी बहीण त्या वाडीत ऱ्हाते." त्यांनी वाडीचं नाव सांगितलं. पुढे आम्ही त्या रस्त्यानं जेव्हा जेव्हा गेलो, तेव्हा तो फाटा आला की त्यांचं बोट बाहेर जायचं, आणि तेच वाक्य यायचं. मी कधी कधी त्यांच्या आधीच म्हणायचो, "आत तीन मैल." ते म्हणायचे, "मॅनेजरला पाठ झालं."

हे सगळं मी इतकं तपशिलानं लिहितो आहे, कारण पुढे जे झालं त्यात माझ्या बाजूनं विसरायला जागाच नव्हती, हे कुणालातरी कळायला हवं.

कामं वाढली. एक एक घर, एक एक माप, प्रत्येक खिडकी वेगळी. आठ सुतार झाले तरी पुरेनात. मी कर्ज काढून विजेवर चालणारं रंधा मशीन आणि करवत घेतली. मशीनला एकसारखं काम आवडतं. मी तीन मापं ठरवली आणि त्या मापांच्या खिडक्या आधीच करून शेडमध्ये रचून ठेवायला सुरुवात केली. मिस्त्रींनी त्या रांगेकडे बघून एवढंच विचारलं, "ह्यात कोण बसणार?" मी म्हणालो, "येईल त्याला देऊ." ते म्हणाले, "टोपी हाय काय ती?" आणि कामाला लागले. फार वाद घालायचा त्यांचा स्वभाव नव्हता. मापाला गेले की ते आपल्या पद्धतीनंच घेत. म्हणून मी त्यांना मापाला कमी पाठवू लागलो.

आणि मी मुंबईला जाऊ लागलो. आमच्याकडे घर बांधणारा माणूस घरात नसतोच. तो मुंबईत असतो, सुट्टीला येतो. गावोगावच्या लोकांनी मुंबईत मिळून एखादी खोली घेतलेली असते, तिथं रविवारी त्यांच्या मंडळाची सभा भरते. मी त्या सभांना जाऊ लागलो. मिस्त्रींनी शिवणीच्या लाकडाची वीतभर उंचीची एक खिडकी मला करून दिली होती. झडपा उघडायच्या, कडी लागायची, गजसुद्धा होते. ती मी पिशवीतून काढून सतरंजीवर ठेवली की वीस-पंचवीस माणसं पुढे सरकायची. कुणीतरी इवलीशी कडी लावून उघडून बघायचा. ऑर्डरी तिथंच लिहून घ्यायचो. थेट गिऱ्हाईक याहून थेट कुठलं? असं मला वाटायचं. त्या सतरंजीवर एकही बाई नसायची, हे तेव्हा मनात आलं नाही.

अशाच एका खोलीत मला एकदम अकरा घरांची ऑर्डर मिळाली. एकाच वाडीतली अकरा घरं, सगळी त्या वर्षी बांधून होत होती. वाडीचं नाव ऐकलं आणि मी मान वर केली. यादी सांगताना शेवटी एक शांत, किडकिडीत माणूस पुढे आला. त्याच्या नखांच्या कडांना काळी शाई होती. तो म्हणाला, "तुमचे मिस्त्री माजे मेव्हणे लागतात. त्यांना आधी सांगू नका. एकदम बगू देत." मग जरा लाजून म्हणाला, "घरात आल्यापासून ती मातीच्या भोकातनं बगतेय. आता काचंची खिडकी मिळू दे तिला. दरवाज्याच्या वरच्या रेषेत घ्या, सगळ्यांसारखी."

दरवाजाच्या वरच्या रेषेत म्हणजे खिडकीचा माथा जमिनीपासून सात फुटांवर. माझी तयार खिडकी चार फूट उंचीची. म्हणजे खालची पट्टी जमिनीपासून तीन फुटांवर येणार. खाली बसलेल्या माणसाला तीन फुटांवरच्या खिडकीतून काय दिसतं, हे मिस्त्रींबरोबर इतकी घरं फिरल्यावर मला सांगायला कुणाची गरज नव्हती.

मी तोंड उघडलंसुद्धा. त्या भल्या माणसाला मला एवढंच म्हणायचं होतं की तुमच्या बायकोसाठी ती खाली घ्यावी लागेल. पण डोक्यात शेडमधली रांग आली. एक खिडकी वेगळी करायची म्हटलं की मिस्त्रींना कळणार. मिस्त्रींना कळलं की ते वाडीत जाणार, आणि गेले की अकराच्या अकरा घरांत बायकांना बसवून कोळशाच्या रेघा मारून येणार. रचून ठेवलेल्या खिडक्या तशाच राहणार. दिवाळीच्या आधी बसवून द्यायचा शब्द मी दिला होता. मी मान खाली घातली आणि त्याच्या नावापुढे बाकीच्यांचंच माप लिहिलं.

मिस्त्री आठवडाभर हर्ण्याला कामावर होते, तेव्हा मी ट्रक भरून पाठवला.

भाऊबीजेला मिस्त्री बहिणीकडे गेले. तिच्या नवऱ्याला सुट्टी मिळाली नव्हती, तो मुंबईलाच होता. ते दोन दिवस राहून यायचे, या वेळी दुसऱ्याच दिवशी दुपारी परतले. मी शेडमध्ये होतो. बाकीचे सुतार अजून गावाहून आले नव्हते. त्यांनी पिशवी खुंटीला लावली, पाणी प्यायले आणि पटाशी घेऊन दगडावर घासायला बसले. बराच वेळ नुसता घासण्याचा आवाज.

"माज्या बहिणीच्या वाडीत ट्रक गेला तो आपला?"

"आपलाच."

"खिडक्या चांगल्या झाल्यात. सांधे बगितले मी." पटाशी त्यांनी उलटी केली. "ती ओवाळत होती नि तिच्या डोक्यावर उजेड पडला होता. आत अंधार. मी म्हटलं, तुला काय दिसतं गं? तर म्हणते, कावळा गेला तर दिसतो."

मी खालचा भुसा पायानं एका बाजूला लोटला.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता. नुसतं विचारत होते. "माजी बहीण त्या वाडीत ऱ्हाते हे तुला ठाऊक होतं काय रे?"

या प्रश्नाला मी अनेक उत्तरं देऊ शकलो असतो. तिच्या नवऱ्यानंच सांगू नका म्हटलं होतं, असं म्हणू शकलो असतो, त्यात थोडं तरी खरं होतं. मी म्हणालो, "नाही मिस्त्री. यादीत अकरा नावं होती. वाडी तीच, हे माझ्या लक्षात यायला तुम्ही कधी नाव सांगितलं नव्हतंत."

का म्हणालो असं? घाबरून. ते सोडून जातील या भीतीनं. दुसरं कारण मला आजही सापडत नाही.

ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांची नजर माझ्यावरून हलली आणि कुठंतरी आत गेली, माणूस खिसे चाचपतो तशी. "नव्हतं सांगितलं?" ते हळू म्हणाले. "मला वाटलं सांगितलं असंल." आणि मग, "मंग चूक माजी. तू काय करणार?"

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. स्वतःच्या डोक्यापेक्षा जास्त ठेवला.

त्यांनी तिच्यासाठी नवी खिडकी करायला घेतली. साडेपाच फूट उंच, फणसाची, जुन्या पद्धतीनं, सगळी हातानं. मी म्हणालो, मी पण येतो बसवायला. टेम्पोतून आम्ही दोघं गेलो. तो फाटा आला. मिस्त्रींनी बोट बाहेर काढलं नाही. माझ्याकडे वळून म्हणाले, "हा फाटा. आता सांगून ठेवतो, म्हंजे ऱ्हायलं असं नको."

त्यांची बहीण जमिनीवर बसून पत्रावळी लावत होती. भावासारखंच रुंद कपाळ. मिस्त्रींनी तिची हनुवटी बघून रेघ मारली आणि बाहेर गवंड्याबरोबर चुना-सिमेंट कालवायला गेले. घरात मी आणि ती. तिनं मला पाण्याचा तांब्या सरकवला आणि पानात काडी टोचत, वर न बघता म्हणाली, "आमच्या ह्यांची नि तुमची मुंबईला भेट झाली होती ना? ते बोलले होते, मिस्त्रींच्या शेठला मी सांगितलंय म्हणून."

"हो," मी म्हणालो.

बाहेरून मिस्त्रींचा आवाज आला. गवंड्याला ते सांगत होते, "शेठला बिचाऱ्याला काय म्हाईत. माजीच आठवण गेली." तिनं ते ऐकलं. मीही ऐकलं. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुढचं पान उचललं. त्या दिवशी ती भावाला काही बोलली नाही. संध्याकाळी चिरे काढून खिडकी खाली आली, ती सरकत सरकत तिथं जाऊन बसली. खाली नदीच्या बाजूला कुणाची गुरं चालली होती. तिनं गुरांच्या मालकाचं नाव घेतलं आणि मिस्त्री हसले. मी पुढे होऊन हत्यारं टेम्पोत भरायला लागलो.

यानंतर मिस्त्री माझ्याकडे आणखी चार वर्षं होते. मला वाटलं होतं, वाचलो. पण त्या दुपारपासून एक गोष्ट सुरू झाली. ते विचारायला लागले. "हे मी तुला सांगितलं काय रे?" बिजागऱ्या आणायला सांगितल्या का, बुरोंडीच्या गिऱ्हाईकाला निरोप दिला का. त्यांनी सगळं नीट सांगितलेलं असायचं. मी म्हणायचो, "सांगितलंत मिस्त्री, सगळं सांगितलंत." ते मान हलवायचे, पण मी त्यांच्या समाधानासाठी बोलतोय, असं त्यांना वाटायचं. फळ्यांवर पेन्सिलीनं लिहून ठेवायला लागले. मापं दोनदा, तीनदा घ्यायला लागले. ज्या माणसानं आयुष्यात कागद वापरला नाही, त्याच्या खिशात वहीच्या पानांच्या घड्या दिसायला लागल्या. मग एकदा करवतीवर उभे असताना मधेच थांबले, बाजूला झाले आणि दुसऱ्या सुताराला म्हणाले, "तू चालव. माज्या डोक्याचा भरवसा नाय." त्यांचा हात कधी चुकला नव्हता. डोकंही चुकलं नव्हतं.

मला सगळं सांगायचं होतं. खरंच सांगायचं होतं. दोनदा मी शेडमध्ये त्यांच्याजवळ जाऊन नुसता उभा राहून परत आलो. तिसऱ्यांदा आम्ही दोघंच चहा पीत होतो. मी म्हणालो, "मिस्त्री, तुम्हाला एक सांगायचं होतं." ते म्हणाले, "कागदावर लिहून दे बाबा. मी विसरेन." आणि हसले. मीही हसलो. कप धुवायला उचलला.

धंदा वाढत गेला. दुसरी शेड झाली. बोर्डावर 'थेट कारखान्यातून आपल्या घरी' असं रंगवून घेतलं. गंमत म्हणजे त्या अकरा घरांच्या वाडीनंतर मी मिस्त्रींची पद्धत परत आणली. मापाला जाणाऱ्या प्रत्येक मुलाला मी सांगायचो, आधी घरातल्या बाईला बसव. लोकांना ते आवडायचं. आमचं नाव त्यामुळेच झालं, असं लोक म्हणतात. मिस्त्री तेव्हा शेडच्या दारात स्टुलावर बसून बिजागऱ्यांचे स्क्रू निवडायचे. मोजून डब्यात टाकायचे आणि पुन्हा ओतून मोजायचे.

एका शिमग्याला ते गावी गेले ते परत आले नाहीत. मी दोनदा न्यायला गेलो. म्हणाले, "तुज्या शेडमध्ये येडा माणूस कशाला ठेवतोस, मॅनेजर? गिऱ्हाईक बगतं." दीड वर्षानं ते गेल्याचं कळलं, तेही बारावं झाल्यावर.

मी त्यांच्या घरी जाऊन आलो. बायकोला, मुलांना भेटलो. तिथं काही बोलवलं नाही. परत येताना त्या फाट्यावर एसटी थांबवली आणि तीन मैल चालत बहिणीच्या घरी गेलो. ती एकटीच होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि जे इतकी वर्षं मिस्त्रींना सांगायचं राहिलं होतं, ते तिला सांगितलं.

ती ऐकत राहिली. मी थांबलो तेव्हा म्हणाली, "तुमची नि ह्यांची भेट झाली होती, ते मला ठाऊकच होतं. मी दादाला का नाय बोलले, ते तुमी इचारलं नाय."

"का नाही बोललात?"

"बोलले असते तर तो ह्यांच्यावर पण चिडला असता. सांगू नका म्हणून ह्यांनीच सांगितलं होतं ना तुमाला. मला माज्या घरात भांडण नको होतं. वाटलं, खिडकी खाली आली, झालं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "जायच्या आदी म्हैनाभर हितं होता तो. रोज एकच इचारायचा. 'मी त्याला तुज्या वाडीचं नाव सांगितलं होतं काय गं? मला वाटतं सांगितलं होतं.' मला काय म्हाईत, तुमचं दोघांचं काय बोलणं झालं होतं? मी म्हटलं, नसशील सांगितलं. जाऊ दे. मंग गप ऱ्हायचा. दुसऱ्या दिवशी परत."

मला तिच्याकडे बघवेना. मी म्हणालो, "ताई, मला माफ करा."

"तुमी सांगून यष्टीनं जाल," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मी त्याला नसशील म्हटलं, ते घेऊन मी हितंच ऱ्हाणार. माफ कुणी कुणाला करायचं?"

माझी गाडी चुकत होती, पण उठायला होईना. मग तिनं हातानं जरा पुढे सरकून घेतलं, माझ्या अगदी समोर आली आणि एखाद्या गिऱ्हाईकासारखं सरळ विचारलं,

"नीट सांगा. त्यानं तुमाला सांगितलं होतं ना? वाडीचं नाव?"

"सांगितलं होतं."

"एकदाच?"

"नाही. दर खेपेला. फाटा आला की."

"म्हंजे त्याचं डोकं बरोबर होतं."

"बरोबर होतं."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत बरोबर होतं, ताई. तुमचा दादा काहीच विसरला नव्हता."

तिनं मान हलवली. मग पुन्हा म्हणाली, "परत सांगा." मी परत सांगितलं. तिनं डोळे मिटून घेतले होते, आणि मी थांबलो की ती हातानं खूण करायची. संध्याकाळ होईपर्यंत मी तेच वाक्य सांगत राहिलो.